वाचनालयातली कार्यशाळा दुसऱ्या दिवशी का ओसरते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तालुक्याच्या गावातलं जुनं वाचनालय, कार्यवाहपदाची जबाबदारी नुकतीच तुमच्याकडे आलेली. वर्षभरात संगणक, मोडी लिपी, मुलांचं उन्हाळी शिबिर आणि स्पर्धा परीक्षा अशा चार कार्यशाळा घेतल्या. प्रत्येक वेळी उद्घाटनाला सभागृह भरलं, दुसऱ्या दिवशी निम्मी माणसं आली आणि शेवटी सात-आठ उरली. आता कार्यकारी मंडळातले काही जण म्हणतात, पुस्तकांची देवघेव नीट करा, वर्ग घेणं आपलं काम नाही. आणि तुम्ही विचारताय की विषय चुकले, शिकवणारे चुकले, की फुकट असल्यामुळे लोकांना किंमत वाटली नाही?

माझ्या मते अडचण या तिन्हींच्या आधीची आहे. तुमच्या कार्यशाळांची आखणी समारंभासारखी झाली आहे. तुम्ही कळवलेल्या वेळापत्रकात पहिल्या दिवसाचे दोन तास स्वागत, प्रास्ताविक, पाहुण्यांचं मनोगत आणि आभार यांत गेलेत. समारंभाला माणसं संस्थेच्या प्रेमापोटी, निमंत्रणाचा मान राखायला येतात. शिकायला येणारा माणूस स्वतःची अडचण घेऊन येतो. शेवटपर्यंत बसलेल्या त्या सात-आठ जणांना काय हवं होतं, हे तुम्ही त्यांना विचारलंत का? नसेल तर आजही विचारता येईल, त्यांचे पत्ते सभासद नोंदवहीत असतील.

हे आपल्याकडे सगळीकडे होतं आणि त्यामागे कारण आहे. व्याख्यानाची परंपरा आपल्या अंगात मुरलेली आहे. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 मध्ये सुरू केली, आणि गावोगावच्या वाचनालयांनी पुढे तोच साचा उचलला: व्यासपीठ, समोर खुर्च्यांच्या रांगा, वक्ता बोलतो, गाव ऐकतं. व्याख्यानासाठी तो साचा उत्तम आहे, आमच्याकडेही व्याख्यानमाला दरवर्षी होते. पण हाताने करून शिकायची गोष्ट त्या साच्यात बसत नाही. तिथे टेबल लागतं, शिकवणारा पाठीमागून येऊन तुमच्या वहीत डोकावावा लागतो, आणि माणसं मोजकी असावी लागतात.

पुढचं सगळं मी तालुका ‘ब’ वर्ग ग्रंथालयातल्या ग्रंथपालाच्या अनुभवातून सांगते आहे, त्यामुळे काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर ठरतील. शासनाच्या वर्गवारीत सर्वात लहान असलेल्या ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयात बहुधा एकटा ग्रंथपालच देवघेव, नव्या पुस्तकांची दाखल नोंदवही, झाडलोट सगळं बघतो. तिथे महिन्याला एक बैठक झाली तरी खूप आहे. तुमच्याकडे स्वतंत्र खोली आहे की वाचनकक्षातच वर्ग घ्यावा लागतो, यावर वेळ ठरेल. शेजारी संगणकाचे खाजगी क्लास असतील तर तुमचा संगणक वर्ग रिकामा राहणार, त्यात तुमचा दोष नाही. शहरातल्या आणि गावातल्या गरजाही वेगळ्या असतात. मात्र विषय कसा निवडायचा याची रीत सगळीकडे सारखीच चालते, असं मला दिसलं आहे.

विषय देवघेवीच्या काउंटरवर मिळतो. आमच्या काउंटरवर एक साधी शंभर पानी वही असते. सभासद असो वा नसो, आलेल्या माणसाने असं काही विचारलं की जे पुस्तक देऊन भागलं नाही, तर ते त्याच्याच शब्दांत, त्याच्या नावासह लिहून ठेवायचं. ‘सातबाऱ्यावर पीक लागलं नाही, काय करू?’ ‘बँकेचा मेसेज आलाय, खरा का?’ ‘आजोबांच्या पेटीत मोडीतला कागद सापडला, कोण वाचून देईल?’ ‘पोरगं तिसरीत गेलं, जोडाक्षर आलं की अडतं.’ काही आठवड्यांनी वही चाळली की दोन-तीन प्रश्न पुन्हा पुन्हा आलेले दिसतात. विषय तिथेच ठरतो, आणि विचारणाऱ्यांची नावं टिपलेली असल्यामुळे निमंत्रण कुणाला द्यायचं हेही ठरतं. फलक लावून वाट बघत बसण्यापेक्षा ‘तुम्ही विचारलं होतंत ना, शुक्रवारी दुपारी त्याचंच बघणार आहोत’ असा एक फोन जास्त माणसं आणतो.

एक उदाहरण जरा तपशिलाने सांगते. ई-पीक पाहणी राज्यभर 2021 पासून सुरू झाली. शेतकऱ्याने आपल्या पिकाची नोंद आपल्याच मोबाइलवरून करायची आणि ती गाव नमुना 12 मध्ये, म्हणजे सातबाऱ्यातल्या पिकांच्या भागात जाते. कागदावर सोपं वाटतं. प्रत्यक्षात माणसं अडतात ती ठराविक ठिकाणी: ॲप घ्यायला फोनमध्ये जागा शिल्लक नसते, लोकेशन बंद असतं, ओटीपी मुलाच्या नंबरवर जातो, आणि खातेदारांच्या यादीत आपलं नाव शोधताना सामाईक खात्यात गोंधळ होतो. पीक शेतात आणि वर्ग वाचनालयात, मग शिकवणार कसं? आम्ही काम दोन भागांत तोडलं. वाचनालयात बसून फोनमधली जागा मोकळी करणं, ॲप घेणं, नोंदणी करणं, खातेदार आणि गट क्रमांक निवडून पाहणं. फोटो मात्र शेतात उभं राहूनच काढायचा असतो, म्हणून जाताना प्रत्येकाच्या हातात मोठ्या अक्षरातली एक चिठ्ठी: शेतात गेल्यावर आधी लोकेशन चालू करा, मग गट निवडा, पीक आणि क्षेत्र भरा, फोटो काढा. पुढच्या आठवड्यात त्याच वाराला, त्याच वेळी पुन्हा बसायचं आणि ज्यांचं अडलं त्यांचंच बघायचं. ही दुसरी बैठक महत्त्वाची, कारण शेतात जाऊन आल्यावरच माणसाला खरा प्रश्न पडलेला असतो. आणि त्याच टेबलावर पीकसंरक्षणाची, मातीपरीक्षणाची पुस्तकं, कृषी मासिकांचे अंक मांडून ठेवायचे. काहीही सांगायची गरज पडत नाही, वाट बघता बघता माणसं ती चाळतात.

ज्येष्ठांसाठीही असंच. ‘संगणक साक्षरता’ असा फलक लावला की जे येतील ते आधीच थोडंफार जाणणारे असतील. सकाळी वर्तमानपत्र वाचायला येणारी मंडळी तुमच्याकडेही असणारच. वर्ग त्यांच्याच टेबलावर, त्यांच्याच फोनवर घ्या. पहिल्या दिवशी फक्त अक्षरं मोठी कशी करायची आणि मराठीत बोलून कसं टाइप करायचं एवढंच. बऱ्याच जणांची अर्धी भीती अक्षरं दिसायला लागली की जाते. पैशांचे व्यवहार तिसऱ्या-चौथ्या बैठकीला, आणि तेही तीन गोष्टींवर ठाम राहून: पैसे मिळण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही, मेसेजमधून आलेली फाइल उघडून ॲप बसवायचं नाही, आणि फसवणूक झाली तर लाजेने गप्प न बसता ताबडतोब 1930 वर फोन करायचा. जितका लवकर फोन, तितकी पैसे मध्येच अडवले जाण्याची शक्यता जास्त. शिकवणाऱ्यासाठी एक नियम: समोरच्याचा फोन आपल्या हातात घ्यायचा नाही. बोट त्यांचंच चाललं पाहिजे, वेळ लागला तरी. आणि कुणाचाही पिन, पासवर्ड आपण ऐकायचाही नाही, लिहायचाही नाही. वाचनालयावरचा विश्वास हे आपलं भांडवल आहे.

मोडीच्या वर्गाबद्दल तुम्ही वेगळं विचारलंत, कारण तिथे गळती सर्वात जास्त झाली. मोडीला लोक उत्साहाने येतात, बाराखडी गिरवतात आणि कंटाळतात. बाराखडी येऊनही खरा कागद वाचता येत नाही, हे त्यांना दोन-तीन दिवसांत कळतं. मोडीत आधी रेघ ओढून तिच्याखाली अक्षरं लिहीत जातात, शब्द सहसा तोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत, आणि लिहिणाऱ्यागणिक वळण बदलतं. म्हणून मी बाराखडीवर फार न रेंगाळता लवकर खऱ्या कागदाकडे नेते, आणि तोही जमिनीच्या खरेदीखताकडे किंवा गहाणखताकडे. का, तर अशा दस्तात चतुःसीमा, म्हणजे जमिनीच्या चारी बाजूंच्या हद्दी दिलेल्या असतात. पूर्वेस, पश्चिमेस, दक्षिणेस, उत्तरेस हे शब्द येणारच हे आधीच माहीत असतं. ते शोधून काढले की त्यांतली अक्षरं त्या लेखकाच्या वळणात ओळखीची होतात, आणि त्या आधारावर बाकीच्या ओळी उलगडायला लागतात. मग तारीख: शके दिलेलं असेल तर त्यात 78 मिळवून इसवी सन काढायचा, जानेवारी ते मार्चच्या सुमारासचा कागद असेल तर 79. पहिल्या आठवड्यातच एखाद्याला आपल्या घरच्या कागदावरचं साल आणि गावाचं नाव वाचता आलं, की तो शेवटपर्यंत टिकतो.

घरचे कागद वर्गात आणायला सांगताना दोन खबरदाऱ्या. मूळ कागद आणू देऊ नका, मोबाइलवर चांगल्या उजेडात फोटो काढून त्याची मोठी प्रत आणायला सांगा. आणि जुने कागद लॅमिनेट करू नका असं पहिल्याच दिवशी बजावा. प्लॅस्टिकमध्ये उष्णतेने चिकटवलेला कागद पुन्हा सोडवता येत नाही. तसंच, वर्गात वाचलेला मजकूर न्यायालयात चालणारा नसतो हेही स्पष्ट सांगा. जमिनीचा वाद असेल तर त्यासाठी अधिकृत लिप्यंतर करून घ्यावं लागतं. वाचनालयाने भाऊबंदकीत पडू नये.

मुलांच्या शिबिराबद्दल थोडक्यात. सुट्टीत चित्रकला, हस्ताक्षर, योगासनं, संस्कारवर्ग सगळं एकाच आठवड्यात कोंबलं की पालक खूश होतात आणि मुलं वाचनालयात पुन्हा फिरकत नाहीत. मी एकच गोष्ट धरते: रोज मोठ्याने वाचन. दुसरी-तिसरीतली मुलं वेगळी बसवायची, पाचवी ते सातवीची वेगळी. वाचताना गोष्ट रंगात आली की थांबायचं आणि त्याच पुस्तकाच्या चार-पाच प्रती समोर ठेवायच्या. पुढे काय झालं ते उद्या कळेल, ज्याला आजच हवंय त्याने घरी न्यावं. मुलं प्रतीसाठी भांडतात आणि ते भांडण मला फार आवडतं. वाचलेल्याचा सारांश लिहायला मात्र कधीही सांगू नका. त्या क्षणी शाळा सुरू होते. आणि ज्याला वाचायला जड जातं त्याला सर्वांसमोर वाचायला उभं करू नका; त्याच्याकडे चित्रं दाखवण्याचं, पुस्तकं मांडण्याचं काम द्या, आणि नंतर बाजूला बसून त्याच्याबरोबर वाचा.

अभ्यासिकेतल्या मुलामुलींचा प्रश्न निराळा आहे. ती दिवसभर तुमच्याकडेच असतात, त्यांना आणायचं नाही, पण ती स्वतःचीच पुस्तकं वाचतात आणि कपाटाकडे वळत नाहीत. त्यांना यशस्वी अधिकाऱ्यांची भाषणं पुरेशी ऐकायला मिळतात. त्यांना हवा आहे सराव. राज्यसेवेची मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झाली, म्हणजे आता मुद्देसूद मराठीत लिहिता येणं आलं. दर शनिवारी एक प्रश्न फळ्यावर लिहायचा, वेळ लावून सगळ्यांनी उत्तर लिहायचं, नावं न घालता एकमेकांच्या वह्या तपासायच्या. मार्गदर्शक म्हणून निवृत्त मराठीचे किंवा इतिहासाचे शिक्षक पुरे. प्रश्न असा निवडायचा की उत्तरासाठी अभ्यासिकेच्या बाहेर येऊन संदर्भ विभागात, वर्तमानपत्रांच्या जुन्या फायलींत, ‘लोकराज्य’ आणि ‘योजना’च्या अंकांत शोधावं लागेल. माझ्या दृष्टीने हा वाचनालयाचा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी वर्ग आहे.

इथवरचा मुद्दा एवढाच की लोकांनी विचारलेल्या प्रश्नातून विषय घ्या, लहान गट ठेवा, दुसरी बैठक आधीच ठरवून ठेवा, आणि प्रत्येक वर्गाचं एक टोक कपाटातल्या पुस्तकांना जोडलेलं असू द्या. आता व्यवस्थेच्या गोष्टी.

वेळ ही विषयाइतकीच महत्त्वाची. आठवडी बाजाराच्या दिवशी शेतकरी गावात येतात, तेव्हा त्यांचा वर्ग बाजार आटोपल्यावर आणि शेवटच्या एसटीच्या आधी. घर सांभाळणाऱ्या बायकांसाठी दुपारी दोन ते चार. संध्याकाळचा वर्ग ठेवलात तर त्या येणार नाहीत आणि तुम्ही म्हणाल महिलांना रस नाही. सलग दहा दिवसांपेक्षा आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वाराला, दीड तास. सलग वर्गात एक दिवस चुकला की माणूस तुटतो. आठवड्याच्या वर्गात मधल्या दिवसांत सराव होतो आणि चुकलेल्याला गाठायला वेळ मिळतो. एका शिकवणाऱ्यामागे दहा-बारा जण, त्याहून जास्त नकोत. जास्त नावं आली तर दुसरी तुकडी करा.

फीबद्दल माझं मत ठाम आहे. मोबाइल, सरकारी सेवा, मुलांचं वाचन, साक्षरता या गोष्टींना एक रुपयाही घेऊ नये. ज्याला सगळ्यात जास्त गरज आहे तोच शंभर रुपयांसाठी मागे फिरतो आणि आपल्याला कळतही नाही. सार्वजनिक ग्रंथालयाची सेवा तत्त्वतः विनामूल्य असावी, हे इफ्ला (ग्रंथालयांची आंतरराष्ट्रीय संघटना) आणि युनेस्कोच्या जाहीरनाम्यातही म्हटलेलं आहे. मोडी किंवा पुस्तकबांधणीसारख्या लांबणाऱ्या वर्गाला साहित्याचा खर्च घ्यायला हरकत नाही. माणसं गंभीरपणे यावीत असं वाटत असेल तर छोटी अनामत ठेवा आणि वर्ग संपल्यावर परत करा. जे काही घ्याल त्याची पावती फाडा, लेखापरीक्षणात नंतर उत्तरं देत बसावी लागू नयेत.

शिकवणारे गावातच असतात: निवृत्त शिक्षक, बँकेतून निवृत्त झालेले, कृषी सहाय्यक, महाविद्यालयातली मुलं. मानधन थोडं का असेना, द्या. एका बाबतीत काळजी घ्या. खाजगी क्लासवाले फुकट शिकवायला आनंदाने येतात आणि शेवटी स्वतःच्या प्रवेशाची पत्रकं वाटतात. आधीच लेखी ठरवून घ्या की वाचनालयात कसलीही विक्री किंवा नोंदणी होणार नाही.

पैशांचं म्हणाल तर ग्रंथालयांना शासनाकडून मिळणाऱ्या परिरक्षण अनुदानात 2022 मध्ये 60 टक्के वाढ झाली हे खरं, पण वेतन, ग्रंथखरेदी आणि वीजबिल भागवून वर्गांसाठी फारसं उरत नाही, आणि हप्ता कधी जमा होईल यावर आपलं वेळापत्रक बांधता येत नाही. म्हणून वर्ग असे आखा की खर्च चहा, झेरॉक्स आणि मानधनापुरता राहील. मोठं काही करायचं असेल तर कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या योजनांत पुस्तकांशिवाय कार्यशाळा आणि प्रशिक्षण वर्गांसाठीही सहाय्य आहे. अटी आणि अर्जाची वेळ जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयात विचारा.

राहिला मंडळाचा आक्षेप. ‘हे आपलं काम नाही’ म्हणणाऱ्यांवर रागावू नका, पुस्तकांची काळजी वाटते म्हणूनच ते बोलतात. त्यांना बडोद्याचं उदाहरण सांगा. सयाजीराव महाराजांनी 1910 मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालांना बोलावून संस्थानभर ग्रंथालयांची व्यवस्था उभी केली. पुस्तकांच्या फिरत्या पेट्या खेड्यांत जात, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी चित्रं दाखवण्याचा स्वतंत्र विभाग होता. तिथून निघणारं ग्रंथालयविषयक नियतकालिक इंग्रजी आणि गुजरातीबरोबर मराठीतही निघे. म्हणजे वाचनालयाने शिकवावं ही कल्पना बाहेरून आलेली नवी हौस नाही, शंभर वर्षांपूर्वी मराठी वाचकांसमोर ती मांडून झालेली आहे.

पण मंडळाला इतिहासापेक्षा आकडे पटतील, आणि तेही उपस्थितीचे नव्हेत. प्रत्येक वर्गानंतर दोनच गोष्टी नोंदवा: दुसऱ्या बैठकीला किती जण परत आले, आणि पुढच्या महिनाभरात त्यांतल्या किती जणांच्या नावावर देवघेव नोंदवहीत पुस्तक गेलं. सभासद नसलेला कुणी वर्गामुळे सभासद झाला असेल तर अर्जावर तशी बारीक खूण करा. सहा महिन्यांनी वार्षिक अहवालाचा मजकूर तयार करताना वर्गांची छायाचित्रं मागे ठेवा आणि हे दोन आकडे पुढे ठेवा. एखाद्या वर्गातून कुणीच परत आलं नाही असं दिसलं तर तो वर्ग बिनदिक्कत बंद करा. पुढचा विषय काउंटरवरच्या वहीत असतोच.

पुढच्या कार्यशाळेचं उद्घाटन ठेवायचं की नाही, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. पाहुणे बोलवायचेच असतील तर शेवटच्या बैठकीला बोलवा, आणि भाषणाऐवजी त्यांना टेबलाशी बसवून शिकलेल्या माणसांनी काय केलं ते दाखवू द्या.